तुटक्या किल्ल्यांचा डबा

चोर म्हटलेलं तिने चाळीस वर्षं गिळलं होतं. अडाणी म्हटलेलं मात्र घशाखाली उतरेना.

रविवारच्या पुरवणीत लेखकमहाशयांची पानभर मुलाखत आली होती. मोठा फोटो, हनुवटीखाली हात, मागे पुस्तकांची भिंत. छत्तीस रहस्यकादंबऱ्या नावावर, आणि आता सत्तरीत म्हणे ते आपल्या पहिल्या कादंबरीकडे पुन्हा वळले होते. तिला चाळीस वर्षं पुरी होत होती, म्हणून नवी आवृत्ती निघणार होती, आणि तीत लेखक स्वतःच्या हाताने जुन्या चुका दुरुस्त करणार होते. कसल्या चुका, असं मुलाखत घेणाऱ्याने विचारलं होतं. लेखक म्हणाले होते, "कुलूप उघडायचा जो प्रसंग आहे ना, तो साफ चुकीचा आहे. हल्लीची मुलं तसं करून बघतात, किल्ली मोडते, आणि मोडक्या किल्लीचे व्हिडिओ मला पाठवतात. पण त्यात माझा काय दोष? मला ज्याने ते शिकवलं तो कोपऱ्यावरचा एक किल्लीवाला होता. बिचाऱ्याला स्वतःलाच धड येत नव्हतं, हे मला आता कळतंय."

तो बिचारा म्हणजे तिचा बाप. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे जगात पुष्कळ असतात, पण मोजून झाल्यावर वासे कुजकेच होते असं वर्तमानपत्रात छापून आणणारा तिने हा एकच पाहिला. तिने पुरवणीची घडी घातली, आणि मग घडी घालण्याइतका मान तरी कशाला द्यायचा म्हणून तिचा बोळा करून कानशीच्या भुग्यात टाकला.

दुकान म्हणजे दोन माणसांनी हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढं. समोर फळी, फळीवर किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला कोऱ्या, दात न कापलेल्या किल्ल्यांचा घोस. मागच्या दारापलीकडे राहायची खोली. त्या दारात खुर्ची टाकून आई बसते. वय एकोणऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून. दुकान आधी बाबांचं होतं, अठरा वर्षांपासून तिचं आहे. आल्यागेल्यांची ती किल्लीताई. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

"काय छापलंय गं एवढं?" आईने विचारलं.

"तुझ्या उपाश्याने मुलाखत दिलीय."

उपाशी हे आईने ठेवलेलं नाव. चाळीस-एक्केचाळीस वर्षांपूर्वी हा लेखक टपालकचेरीत कारकून होता. बुटाचा तळ उसवलेला, गालांची हाडं वर आलेली. टपालाच्या पेटीचं कुलूप अडकलं म्हणून एकदा दुकानात आला आणि मग वर्षभर रोज येत राहिला. स्टुलावर बसायचा, वहीत काहीबाही लिहायचा, बाबांना विचारत राहायचा. जेवायची वेळ झाली की आई एक ताट जास्त वाढायची. "पोटात काही नाही नि डोक्यात खून," असं ती म्हणायची, आणि बाबा हसायचे.

मग पुस्तक आलं. पुस्तकात एक किल्लीवाला होता. त्याचा डावा पाय आखूड होता. बाबांचा जन्मापासून तसाच होता. दोन्ही हात कामात असले की तो किल्ली दातांत धरायचा; बाबाही धरायचे. आणि कुलपाला हात घालण्याआधी तो त्याच्याशी बोलायचा, "चल गं बाई, रुसू नकोस." हे बाबांचं वाक्य. सायकलचं कुलूप असो की बँकेची तिजोरी, बाबांना सगळी कुलपं बायाच वाटायची आणि सगळ्या रुसलेल्याच वाटायच्या. पुस्तकातला लंगडा किल्लीवाला हेच वाक्य एका विधवेच्या तिजोरीपाशी बोलतो, ती जागी होते म्हणून तिचा गळा दाबतो, आणि मेलेल्या बाईकडे बघत तेच वाक्य पुन्हा बोलतो. वाचकांच्या अंगावर म्हणे तिथे काटा आला. पुस्तक हातोहात खपलं, आणि तो लंगडा पुढे आणखी नऊ पुस्तकांत फिरला.

बाबांना कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं असतं तर बरं झालं असतं, उलट उत्तर तरी देता आलं असतं. लोक नुसते यायचे थांबले. जे आले ते बाबांनी कुलूप दुरुस्त केलं की दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आणून लावू लागले. एका घरफोडीनंतर फौजदाराने त्यांना चौकीच्या अंगणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं केलं. चोरी त्यांनी केलेली नाही हे फौजदारालाही ठाऊक होतं. पण साहेबांनी पुस्तक वाचलं होतं. ती तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत तिच्या बाकाचा कप्पा उघडताना मागून पोरं सुरात म्हणायची, "चल गं बाई, रुसू नकोस." तिने ते वाक्य त्यानंतर आयुष्यात उच्चारलं नाही. बाबांचा सगळा धंदा उचलला, हत्यारं उचलली, दातांत किल्ली धरायची खोडसुद्धा उचलली, पण कुलपांशी ती मुकाट्यानेच वागली.

आणि राग काय एकट्या लेखकावर होता? बाबांवरही होता, आणि तो जास्त सलत होता. या धंद्यात एक नेम आहे: कुलूप कसं उघडायचं ते हाताने हाताला शिकवायचं, तोंडाने कानाला नाही. बाबांनी तिला शिकवलं ते तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून. एक शब्द बोलले नाहीत. मग त्या उपऱ्याला वर्षभर बसवून तोंडाने का सांगितलं? ऐकणारा मिळाला म्हणून चढले असणार, असं तिने ठरवून टाकलं. एकोणिसाव्या वर्षी एकदा तोंडावर बोललीही. "तुम्हीच सांगितलंत त्याला सगळं. आमचं नाक तुम्हीच कापलंत, त्याने फक्त छापलं." बाबांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "गोष्ट हवी होती त्याला. गोष्ट दिली." मग पुन्हा कानस उचलली. त्यानंतर ती त्यांच्याशी आठ महिने बोलली नव्हती. एका दुकानात, दोन हातांच्या अंतरावर, आठ महिने.

सोमवारी प्रकाशनाच्या कचेरीतून संपादिकेचा फोन आला. आवाज तरुण, अदबीचा.

"ताई, सरांची इच्छा आहे की जिथे चूक झाली तिथेच येऊन ती दुरुस्त करावी. त्याच दुकानात. तुम्ही खरी रीत सांगायची, सर लिहून घेतील. एक फोटोपण काढू. प्रस्तावनेत तुमच्या वडिलांचे आभारही मानणार आहेत."

"काय म्हणून? चोर म्हणून की अडाणी म्हणून?"

संपादिकेने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "ताई, मुखपृष्ठ छापून झालंय. त्यावर 'लेखकाने स्वतः दुरुस्त केलेली आवृत्ती' असं आलंय. एवढं एकच प्रकरण अडलंय. येत्या सोमवारी छपाईला द्यायचंय."

फोन आपटायचाच असं तिने ठरवलं होतं. पण कुणाचा हात कुठल्या दगडाखाली सापडलाय ते तिला त्या वाक्यात ऐकू आलं. ती म्हणाली, "गुरुवारी या. आणि ते छापायचं पुस्तक आहे ना, ते सगळं घेऊन या. एक प्रत आज माझ्याकडे पाठवा."

संध्याकाळी प्रत आली. चाळीस वर्षांत तिने ते पुस्तक हातात धरलं नव्हतं. जे ठाऊक होतं ते सगळं शाळेतल्या पोरांकडून आणि गिऱ्हाइकांच्या नजरांतून. मंगळवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, तिने चष्मा लावला आणि वाचायला बसली. हेतू एकच. बाबांनी त्याला नेमकं काय सांगितलं होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

पुस्तक वाईट नव्हतं, हा आणखी एक मनस्ताप. टुकार असतं तर फेकून मोकळी झाली असती. पण पानं उलटत गेली, आणि दर चार पानांनी बाबा समोर येत होते: त्यांचं खांदा झुकवून चालणं, त्यांचं मिशीतलं हसू, नवा सदरा घातला की उगाच खिसा चाचपणं. एवढं बारीक त्यांना दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही. आणि एवढं पाहून त्या माणसाने त्यांच्या हातांत एका बाईचा गळा दिला.

पान एकशे बारा. सात लिव्हरचं कुलूप. लंगडा कोरी किल्ली दिव्यावर धरतो, तिला काजळी चढवतो, कुलपात घालून फिरवतो, बाहेर काढतो, खुणा बघतो, कानस चालवतो. चार मिनिटांत दार उघडं. तिने पान एकदा वाचलं. मग पुन्हा, बोटाने ओळ धरून. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

सुरुवात खरी होती. काजळीपर्यंत सगळं बरोबर. तिथून पुढे मात्र एकेक पायरी उलटी. जिथे हात लावायचा नाही तिथे कानस, जिथे थांबायचं तिथे जोर. यात खरं काय ते इथेही सांगायचं कारण नाही. ही गोष्ट आहे, शिकवणी नाही. पण ज्याला अर्धवट येतं त्याच्या हातून होईल अशी ही चूक नव्हती. न येणाऱ्याची चूक कुठेही होते. ही चूक मोजून-मापून केलेली होती. या पानावरची रीत जो तंतोतंत पाळेल त्याची किल्ली मानेशी कागदासारखी पातळ होणार, आणि शेवटच्या झटक्याला तिथेच तुटून अर्धी आत अडकणार. मग ते कुलूप ना चोराला उघडणार, ना मालकाला.

तिने खिळ्यावरची कोरी किल्ली काढली. मोडीतलं एक सात लिव्हरचं कुलूप वाइसच्या पकडीत आवळलं, मेणबत्ती पेटवली, आणि पुस्तक उघडं ठेवून शब्दाला शब्द करत गेली. एवढी हलगर्जी कानस आयुष्यात कधी चालवली नव्हती. हाताला लाज वाटत होती. शेवटचा झटका दिला. टक् झालं. अर्धी किल्ली तिच्या हातात, अर्धी आत.

आतला तुकडा तिने चिमट्याने ओढून काढला आणि तळहातावर ठेवला. काजळीने माखलेलं, भलत्याच ठिकाणी घासलेलं, मानेशी तुटलेलं टोक. हे तिने पाहिलं होतं. आज नाही, लहानपणी. आणि एकदा नाही, पुष्कळदा.

फळीखालच्या शेवटच्या खणात, कानशीच्या मुठींमागे, बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. फेकायचा फेकायचा म्हणून अठरा वर्षं राहिलेला. तिने तो काढून फळीवर उलटा केला. सतरा तुकडे. तिचा मिळवला तर अठरावा, आणि तो त्यांच्यात टाकला असता तर बाबांनासुद्धा वेगळा काढता आला नसता. सगळे काळे, सगळे तिथेच घासलेले, सगळे मानेशी मोडलेले. प्रत्येकाला दोऱ्याने कागदाची चिठी बांधलेली. दुरुस्तीच्या चिठ्या, असं तिला आजवर वाटत होतं. तिने वाचायला सुरुवात केली. बाबांचं ठसठशीत अक्षर. "शाळेमागचं घर, पुढचं दार." "डॉक्टरीणबाई, दवाखाना." "औषधाचं दुकान." "म्हातारी, एकटी असते."

पुस्तक आल्यानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत दुकानाला दुसरं कामच नव्हतं, तिला आठवलं. एवढंच एक काम यायचं. सकाळी सकाळी कुणीतरी ओशाळं होऊन फळीशी उभं राहायचं: दार उघडत नाही, कुलपात काहीतरी अडकलंय, दुसऱ्या कुणाला निघत नाही, तुम्ही येता का? बाबा जायचे. तुकडा काढायचे, खिशात टाकायचे, आणि विचारलं तर सांगायचे, "गंज होता." घरी येऊन चिठी बांधायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर एक बारीक हसू असायचं, आणि तिला त्या हसण्याचा संताप यायचा. धंदा बुडाला नि हे हसतात!

म्हणजे सतरा चोरांनी पुस्तक वाचलं होतं. सतरा दारांशी सतरा किल्ल्या मोडल्या होत्या. आणि ज्याला गाव चोर समजत होतं, तो प्रत्येक दाराशी जाऊन आपल्याच सापळ्यातला तुकडा काढून खिशात घालत होता.

शेवटची चिठी जरा मोठी होती. "फौजदारसाहेब, मागचं दार."

तिला एकदम रडू फुटलं, आणि ते दुःखाचं कमी, चिडीचं जास्त होतं. "बोलायचं ना!" ती मोठ्याने म्हणाली. "चौकीच्या अंगणात उभे होतात तेव्हा बोलायचं! मी आठ महिने तोंड फिरवून बसले तेव्हा तरी बोलायचं!"

"कुणाशी बोलतेस?" आईने दारातून विचारलं.

तिने आईसमोर डबा धरला आणि सगळं सांगितलं. आईने दोन तुकडे उचलून उजेडात धरले. मग म्हणाली, "मी एकदा म्हटलं होतं त्यांना, अहो, त्या उपाश्याला सगळं सांगत बसू नका. तर म्हणाले, पोराला गोष्ट हवीय, गोष्ट देतोय. किल्ली थोडीच देतोय. मला वाटलं, चेष्टा करतात."

"मग नंतर तरी का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर चोरांनाही कळलं असतं ना, की पुस्तकातलं खोटं आहे. मग ते खरं शोधायला लागले असते." आईने तुकडे डब्यात टाकले. "एवढं तर मलाही कळतं, आणि मी काही किल्लीवाली नाही."

गुरुवारी सकाळी अकराला गाडी आली. आधी संपादिका उतरली, हातात छापील पानांचा गठ्ठा, मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस, मग लेखक. उंची कोट, चांदीच्या मुठीची काठी. आणि डावा पाय ओढत.

"तुझाही पाय गेला का रे?" आईने दारातून विचारलं.

"गुडघा, वहिनी." लेखक हसले. मग तिच्याकडे वळून, "केवढी झालीस! एवढीशी होतीस, फळीखाली बसून गणितं करायचीस."

"तुम्हाला सगळंच आठवतं," ती म्हणाली. "फोटो नंतर. आधी बसा."

स्टूल तेच होतं. लेखक त्यावर बसले आणि मायेने इकडेतिकडे पाहू लागले. आता यावरही चार पानं लिहितील अशी तिला धास्ती वाटली. फळीवर डबा होता. मुद्दामच ठेवला होता तिने. दाखवायचा की नाही ते रात्रभर ठरत नव्हतं. लेखकांनी तो उचलून खुळखुळवला, झाकण काढलं.

"हे काय गं?"

तिच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो बिचारा नव्हता, तुम्ही उल्लू होतात. बघा, सतरा वेळा. बापाचं नाव एका दमात धुऊन निघालं असतं. पण तिने लेखकाचे डोळे पाहिले. ते डब्यात असे उतरले होते, जसे चाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या पायावर उतरले असतील. हे त्याला कळलं की त्याला लाज वाटणार नव्हती, त्याला प्रस्तावना मिळणार होती. तो बाबांना दुसऱ्यांदा विकणार होता, या खेपेला संत करून. आणि बाबांनी ज्यासाठी तोंड शिवून घेतलं, ते गावोगाव वाटणार होता.

"भंगार आहे," ती म्हणाली. तिने डबा त्यांच्या हातातून घेऊन खणात ठेवला.

"तर मग, रीत," लेखकांनी वही उघडली.

"सांगते. आधी माझं काम. लाल पेन काढा."

"म्हणजे?"

"पुस्तकातला पाय काढा. दातांतली किल्ली काढा. आणि ते वाक्य काढा, जिथे जिथे आहे तिथून."

लेखक हसले, मग ती हसत नाही असं पाहून थांबले. "अगं, ते वाक्य म्हणजे पुस्तकाचा जीव आहे. लोक माझ्याकडून सहीबरोबर ते लिहून घेतात!"

"ते तुमचं नाहीच. माझ्या बापाचं आहे. आणि तो ते कुलपाशी बोलायचा, मुडद्याशी नाही."

"हे बघ, लेखक कुठूनही काड्या उचलतो. चिमणी घरटं बांधते तसं..."

"चिमणी काडी उचलते. घरातला कर्ता माणूस उचलून नेत नाही!" तिचा आवाज इतका चढला की कॅमेरावाला रस्त्यावर गेला. "या स्टुलावर बसून तुम्ही आमचं जेवलात. त्या माणसाने तुम्हाला कधी ऊठ म्हटलं नाही. आणि तुम्ही त्याला खुनी केलंत. नाव बदललंत फक्त! पाय तोच, दात तेच, बोलणं तेच. चौकीच्या अंगणात तुमच्या पुस्तकाला उभं केलं नव्हतं, त्याला केलं होतं. मला शाळेत पोरं काय म्हणायची ठाऊक आहे? आणि चाळीस वर्षांनी तुम्हाला काय सुधारावंसं वाटलं? कुलूप! माणूस नाही, कुलूप!"

गप्प राहणं लेखकांच्या स्वभावात नव्हतं. "गोष्टीत सगळं चालतं," ते हळूच म्हणाले. "कुणी एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं."

"घेतलं. आता काढा, नाहीतर गाडी उभीच आहे."

संपादिकेने घड्याळ पाहिलं, मग लेखकांकडे पाहिलं, आणि पानांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "सर, सोमवार," एवढंच म्हणाली.

पाऊण तास लागला. आखूड पाय गेला, दातांतली किल्ली गेली, खांद्याचं झुकणं गेलं, मिशीतलं हसू गेलं. वाक्य अकरा ठिकाणी होतं. दहा खोडून लेखकांनी पेनाचं टोपण लावलं.

"पान दोनशे नऊ राहिलं," ती म्हणाली.

त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, आणि दोनशे नऊही खोडलं.

"आता आणखी एक. प्रस्तावनेत आभार नकोत. लिहा, की या पुस्तकातली कुलपांची सगळी माहिती तुम्ही स्वतः शोधलीत, कुणा कारागिराचा तीत हात नाही."

एवढ्या वेळात पहिल्यांदा लेखकांचा चेहरा खुलला. "हे मात्र तुझं मन मोठं," ते म्हणाले, आणि ते वाक्य झोकदार अक्षरात लिहून खाली सहीही ठोकली. मग वही पुढे ओढली.

तिने सांगितलं. हळू, स्पष्ट, पायरीमागून पायरी, समजलं का असं मधून मधून विचारत. कॅमेरावाल्याने आत येऊन फोटो काढले: लेखक लिहिताहेत, किल्लीताई सांगतेय. लेखक माना डोलवत होते. "अस्सं! म्हणजे इथे चुकलं होतं! किती सोपं!" उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

गाडी गेली. बोळाच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाल्यावर आई खुर्चीतून म्हणाली, "सांगितलंस का गं त्याला खरं?"

"गोष्ट हवी होती त्याला," ती म्हणाली. "दिली."

आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की ठसका लागला. पाणी देऊन तिने मागच्या खोलीतला बिस्किटांचा एक रिकामा डबा आणला, फडक्याने पुसला, आणि खणात बाबांच्या डब्याशेजारी ठेवला. बाजूला दोऱ्याची गुंडी आणि कोऱ्या चिठ्या.

फळीवर सकाळचं एक काम तसंच पडलं होतं. कुणाच्या तरी आजीच्या पेटीचं जुनं पितळी कुलूप, किल्ली केव्हाच हरवलेली. तिने ते वाइसमध्ये धरलं. किल्ली दातांत धरली, मग काढून हातात घेतली, कारण बोलायचं होतं. चाळीस वर्षांत न बोललेलं वाक्य जिभेवर यायला वेळ लागला.

"चल गं बाई," ती म्हणाली. "रुसू नकोस."

कुलूप लगेच उघडलं नाही. तिने डोळे पुसले, किल्ली बाहेर काढून उजेडात धरली, हाताने हाताला शिकवलेल्या जागी कानस एकदा हलकेच फिरवली, आणि किल्ली पुन्हा आत घातली.